आयब्रो टॅटू बिघडलाय? थांबा, तो 'फ्री'मध्ये झाकून घेऊ नका

रात्री पावणेबाराला माझ्या मावसबहिणीचा फोटो आला. खाली एकच ओळ, "बघ गं, शिनचॅन झालेय मी."

आधी मला हसू आलं. मग तिची रडवेली व्हॉइस नोट आली आणि हसल्याची लाज वाटली. त्याच दुपारी तिने भुवयांचं मायक्रोब्लेडिंग करून घेतलं होतं. १८ दिवसांवर साखरपुडा. भुवया काळ्या कुळकुळीत, जाड, आणि डावी उजवीपेक्षा जराशी वर चढलेली. पार्लरवाल्या ताई तिला म्हणाल्या होत्या, "नाही आवडलं तर परवा ये, स्किन कलरने कडा झाकून देते. एक रुपया घेणार नाही."

ती परवा जाणारच होती. त्या रात्री मी तिला एवढंच सांगितलं की थांब, मी जरा वाचते, दोन डॉक्टरांशी बोलते, मग ठरव. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय, कारण अशा भुवया घेऊन रात्री गुगल करत बसलेली ती काही एकटी नसणार.

त्वचेत नेमकं काय भरतात?

मायक्रोब्लेडिंगमध्ये पेनासारखं एक हत्यार असतं. टोकाला बारीक सुया एका ओळीत बसवलेल्या असतात. त्याने भुवईवर केसाच्या जाडीच्या चिरा देतात आणि त्यात रंग भरतात. पावडर ब्रो किंवा ऑम्ब्रे ब्रो म्हणतात त्यात मशीनने बारीक ठिपके मारतात, त्यामुळे पेन्सिल फिरवल्यासारखं दिसतं. जाहिरातीत याला 'सेमी-पर्मनंट' असं गोड नाव असतं. पण सुईने त्वचेच्या आत रंग घातला म्हणजे तो टॅटूच झाला, हे पक्कं लक्षात ठेवा. पुढचे सगळे निर्णय यावर अवलंबून आहेत.

आपल्या त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात झडून नवा येतो. रंग तिथे ठेवला तर महिन्यात गायब होईल, म्हणून तो त्याच्या खालच्या थरात घालतात. शरीराला हा रंग परका वाटतो. मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याचे कण गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी पेशी मेली की तिच्यातला रंग बाहेर पडतो आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तोच रंग पुन्हा गिळते. सातबाऱ्यावरचं नाव बदलावं आणि जमीन तिथेच राहावी, तसा प्रकार.

आता तुमच्या आजीच्या किंवा पणजीच्या हातावरचं, कपाळावरचं गोंदण आठवा. ते काजळीचं, म्हणजे काळं. तरी दिसतं हिरवट-निळसर. कारण त्वचेच्या आत खोल असलेला काळा रंग वरून बघताना निळ्या छटेचा दिसतो, त्वचेतून प्रकाश तसा विखुरला जातो. कार्बनच्या काळ्या रंगाने आणि जास्त खोल गेलेल्या भुवया काही वर्षांनी राखाडी-निळ्या दिसायला लागतात त्यामागे हेच कारण आहे. काही भुवया उलट विटकरी किंवा नारिंगी होतात. त्यात वापरलेलं तपकिरी हे मुळात दोन-तीन रंगांचं मिश्रण असतं आणि ते सगळे एकाच वेगाने फिके होत नाहीत.

पहिल्या दिवशीची भुवई ही खरी भुवई नाही

ताज्या भुवया सगळ्यांच्याच भडक दिसतात. त्वचा सुजलेली असते, वर रंग साचलेला असतो, थोडं रक्त आणि लस सुकलेली असते. पुढचे दोन-तीन दिवस त्या आणखी गडद होतात. पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास खपल्या धरतात आणि पडायला लागतात. खपल्यांबरोबर वरचा रंग जातो आणि मग नेमकी उलटी भीती वाटते, 'अरे, पैसे वाया गेले, काहीच उरलं नाही.' कारण नवी आलेली त्वचा अजून धूसर असते, खालचा रंग तिच्यातून नीट दिसत नाही. तो तीन-चार आठवड्यांनी परत वर आल्यासारखा दिसतो. खरा रंग, खरी जाडी कळायला साधारण ६ आठवडे लागतात. चांगले आर्टिस्ट टच-अप ६ ते ८ आठवड्यांनी ठेवतात ते यासाठीच.

म्हणजे दुसऱ्या दिवशी रडणारी आणि पंधराव्या दिवशी आर्टिस्टला शिव्या घालणारी, दोघीही अर्धवट शिजलेल्या भाताला नावं ठेवतायत.

सूज दोन्ही बाजूंना सारखी नसते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात एक भुवई वर दिसू शकते. शिवाय हातातल्या फोनचा सेल्फी फार जवळून घेतलेला असतो, त्यात चेहऱ्याची मापं बिघडतात. चार-पाच फुटांवरून, सरळ उजेडात, दुसऱ्या कोणाला तरी फोटो काढायला सांगा. आणि हो, जुने फोटोही बघा. माझ्या बहिणीची डावी भुवई बारावीच्या हॉल तिकिटावरही वरच होती. तिने ते कधी पाहिलंच नव्हतं.

या काळात खपली नखाने काढायची नाही. ऊन, पोहणं, वाफ घेणं, त्या जागी मेकअप, थ्रेडिंग, हे सगळं बंद. रंग लवकर जावा म्हणून मीठ-लिंबू घासणं तर अजिबात नाही. ती उघडी जखम आहे.

एका बाबतीत मात्र ६ आठवडे सोडा, ६ तासही थांबू नका. पू येतोय, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, लाली कपाळाकडे किंवा पापणीकडे पसरतेय, ताप आलाय, तर सरळ डॉक्टर गाठा. आणि काही महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, भुवईत खाज सुटली किंवा कडक गाठी आल्या तर तेही स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. ती रंगाची अ‍ॅलर्जी असू शकते किंवा उशिरा डोकं वर काढणारा संसर्ग असू शकतो. अशा वेळी लेझरची घाई उलट त्रासाची ठरते, कारण लेझरने फुटलेला रंग शरीरात पसरून अ‍ॅलर्जी भडकू शकते.

६ आठवडे झाले. आता काय?

आता आरशासमोर एकच प्रश्न विचारायचा. रंग कमी पडलाय की जास्त झालाय?

भाजीत मीठ कमी असेल तर वरून घालता येतं. जास्त झालं की मग खरी पंचाईत. भुवयांचं अगदी तसंच आहे.

कमी म्हणजे काय, तर मधे पॅचेस राहिलेत, काही रेघा उडाल्यात, टोक फिकं पडलंय, एक भुवई दुसरीपेक्षा बारीक आहे. यावर टच-अप हा सरळ उपाय आहे. तेलकट त्वचेत मात्र बारीक रेघा फिसकटतात, कागदावर शाई पसरावी तशा. तिथे पुन्हा रेघाच मारण्यापेक्षा पावडरची पद्धत बरी पडते.

रंगाची छटा बिघडली असेल तर करेक्शन होऊ शकतं. निळसर-राखाडी भुवईवर नारिंगी छटेचा रंग, लालसर भुवईवर हिरवट-ऑलिव्ह छटेचा. ड्रॉइंगच्या तासाला शिकलेली विरुद्ध रंगांची गोष्ट इथे खरोखर उपयोगी पडते. पण करेक्शन म्हणजे त्वचेत आणखी रंग. भुवई अजून गडद होणार, हे गृहीत धरूनच ठरवायचं. आधीच काळीभोर असलेल्या भुवईवर करेक्शनचा काही उपयोग नाही.

जास्त म्हणजे रंग जिथे नको तिथे गेलाय. कमान फार वर चढलीय, शेपूट कानशिलाकडे धावलीय, दोन भुवया नाकाच्या दिशेने सरकल्यात. हे नीट तपासायचं असेल तर दीड-दोन महिने थ्रेडिंग बंद ठेवा. आपण बऱ्याचदा टॅटूच्या आकारात केस कोरत राहतो आणि मूळ भुवई कुठे होती तेच विसरतो. केस वाढू दिले की बराचसा चुकलेला रंग त्यांच्याखाली लपून जातो. तो लपला तर काहीच करू नका. काही वर्षांत फिका होईल. हा पर्याय कोणी सुचवत नाही, कारण त्यात कोणाला पैसे मिळत नाहीत.

केसांच्या बाहेर राहिलेला रंग मात्र वरून काहीही घालून जात नाही. तो काढावाच लागतो. आणि इथेच 'स्किन कलर' नावाचं प्रकरण येतं.

स्किन कलरने झाकणं एवढं वाईट का?

ऐकायला किती सोपं वाटतं! कडेला त्वचेच्या रंगाची शाई भरली, विषय संपला. भिंतीवर पेन्सिलची रेघ आली की आपण पांढरा डिस्टेंपर मारतोच की.

पण टॅटूचा रंग भिंतीवर नसतो, भिंतीच्या आत असतो. नवा रंगही त्याच थरात, आधीच्या रंगात मिसळून बसतो. पहिले काही आठवडे छान दिसतं. मग एप्रिल-मे येतो. तुमची त्वचा उन्हाने सावळी होते, शाई होत नाही. भुवईच्या कडेला पिवळट-पांढरट पट्टा उठून दिसायला लागतो. खालचा काळा हळूहळू त्यातून डोकावतो तो वेगळाच.

हेही एक वेळ चाललं असतं. खरी अडचण पुढे आहे. स्किन कलरच्या शाईत सहसा टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पावडर असते, तीच जी रंगाच्या डब्यात आणि सनस्क्रीनमध्ये असते. सोबत लोहाची ऑक्साइड्स, म्हणजे गंजाच्या घराण्यातले तांबूस-पिवळे रंग. या दोन्हींवर लेझर पडला की रासायनिक बदल होऊ शकतो. तांबूस लोह ऑक्साइडचं काळं ऑक्साइड होतं, टायटॅनियमचा पांढरा निळसर-करडा पडतो. आणि हे डोळ्यांदेखत, काही क्षणांत. झाकलेली कड काढायला गेलात आणि तिथेच कोळशाने ओढल्यासारखी नवी रेघ उमटली, असं होऊ शकतं. पुढच्या सिटिंगमध्ये ती बऱ्याचदा कमी करता येते, पण खात्री कोणी देऊ शकत नाही.

म्हणजे आज 'फ्री'मध्ये झाकलेली चूक उद्या काढायला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महाग पडते. साधा काळा-तपकिरी रंग काढणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

लेझर काय करतो, काय करत नाही

१९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन अमेरिकी डॉक्टरांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक कल्पना मांडली. ठरावीक लांबीची प्रकाशलहर, अगदी थोड्या वेळासाठी टाकली, तर आजूबाजूची त्वचा न भाजता फक्त हव्या त्या रंगाचा कण तापवता येतो. आजचा टॅटू काढण्याचा लेझर याच कल्पनेवर उभा आहे. क्यू-स्विच्ड एनडी-याग नावाचं मशीन अब्जांश सेकंदात मोजण्याइतका छोटा झोत टाकतं. पिको लेझरचा झोत त्याहून छोटा. रंगाचे कण फुटतात आणि पुढचे काही आठवडे शरीर ते बारीक तुकडे हळूहळू उचलून नेतं. म्हणून दोन सिटिंगमध्ये ६ ते ८ आठवडे ठेवतात. 'दर आठवड्याला या, पटकन घालवू' असं कोणी म्हणालं तर तिथून निघा.

आपल्या त्वचेसाठी एक गोष्ट महत्त्वाची. भारतीय त्वचेत मेलॅनिन जास्त, आणि लेझरला शाईचा रंग आणि त्वचेचा रंग यातला फरक प्रत्येक वेळी कळतोच असं नाही. काळ्या रंगासाठी वापरली जाणारी १०६४ नॅनोमीटरची लहर मेलॅनिनला कमी धक्का लावते, म्हणून ती आपल्यासाठी तुलनेने सुरक्षित. लाल-तांबूस रंगासाठी लागणारी ५३२ची लहर मेलॅनिनही शोषून घेतं. त्यातून काळे डाग किंवा पांढरे चट्टे पडण्याचा धोका वाढतो. केस काढायचं मशीन आणि आयपीएल ही या कामाची मशीन्सच नव्हेत. त्यांनी भाजतं.

भुवईचा प्रश्न पाठीवरच्या टॅटूपेक्षा आणखी दोन कारणांनी वेगळा आहे. एक म्हणजे डोळा शेजारीच आहे. लेझरचा झोत डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे डोळे झाकायची पक्की सोय हवी. पापणीच्या जवळ काम असेल तर डॉक्टर डोळ्याच्या आत बसणारं धातूचं कवच वापरतात. नुसता कापूस ठेवणाऱ्यांकडे जाऊ नका. दुसरं म्हणजे केस. लेझरने भुवईचे काही केस तात्पुरते पांढरे होऊ शकतात किंवा गळू शकतात. बहुतेकांचे परत येतात. पण ज्यांनी केमोथेरपीनंतर, चाई पडल्यामुळे किंवा थायरॉइडमुळे भुवया विरळ झाल्या म्हणून टॅटू करून घेतला, त्यांनी हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं. त्यांच्यासाठी ही फॅशन नव्हती, त्यामुळे थोडा वाकडा टॅटू ठेवणं की काही महिने भुवईच नसणं, हा हिशेब त्यांचा वेगळा असतो.

पूर्ण भुवईवर लेझर मारण्याआधी टेस्ट स्पॉट मागा. एका कोपऱ्यात, सहज न दिसणाऱ्या जागी, एक-दोन ठिपके. रंग काळा पडतो का हे तिथे कळतं. लगेच पांढरं दिसलं तर घाबरू नका, ते वाफेचे बुडबुडे असतात आणि अर्ध्या-एक तासात जातात. त्वचा कशी भरून येते हे बघायला पुढचे काही आठवडे द्या. आधी स्किन कलर भरला असेल तर ते लपवू नका. रेटिनॉलचं क्रीम, मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, तोंडावर वारंवार येणारा नागीण-हर्पिस, प्रेग्नन्सी, हे सगळं डॉक्टरांना आधी सांगायचं.

सलाईन, क्रीम आणि यूट्यूबवरचा चुना

सलाईन रिमूव्हलमध्ये टॅटूच्याच मशीनने भुवईत तीव्र मिठाचं पाणी सोडतात. खपली धरते आणि तिच्याबरोबर थोडा रंग वर येऊन जातो. मिठाला रंगाशी देणंघेणं नसतं, त्यामुळे स्किन कलरची किंवा तांबूस शाई असेल तर लेझरसारखी ती काळी पडत नाही. इथे हा मार्ग खरंच कामाचा आहे. पण प्रत्येक वेळी जखम नव्याने होते, सिटिंग बऱ्याच लागतात, आणि हात जड असेल तर व्रण राहतो. ज्या हाताने भुवई बिघडवली त्याच हातात पुन्हा सुई द्यायची का, हे तुम्हीच ठरवा.

क्रीमबद्दल फार बोलण्यासारखं नाही. टॅटू घालवणाऱ्या एकाही घरगुती क्रीमला किंवा मलमाला अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिलेली नाही. रंग आहे खालच्या थरात, क्रीम राहतं वर. ते खाली पोचलं असं दिसत असेल तर ते त्वचा जाळत पोचलेलं असतं. चुना, फटकी, अ‍ॅसिड, सगळ्याचं हेच.

आर्टिस्टशी भांडण नंतर, माहिती आधी

राग आलेला असतो, स्टोरी टाकायची असते, सगळं मान्य. पण त्याआधी शांतपणे एक मेसेज करा आणि विचारा की कोणत्या कंपनीचा कोणता शेड वापरला, बॅच नंबर काय, त्यात लोह ऑक्साइड आहे की कार्बन, आणि स्किन कलर कुठे वापरलाय का. बाटलीचा फोटो मिळाला तर उत्तम. लेझरवाल्या डॉक्टरांना हीच माहिती लागते, आणि एकदा भांडण झालं की ती मिळत नाही. ही माहिती मोबाइलमध्ये जपूनही ठेवा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तंत्रज्ञांना भुवईच्या टॅटूबद्दल सांगायचं असतं. लोहयुक्त रंगामुळे तिथे क्वचित चुरचुर किंवा सूज येते. त्यासाठी एमआरआय टाळायचा मात्र नाही.

पैसे देऊन घेतलेली सेवा असल्याने ग्राहक कायदा लागू होतो. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मात्र नुकसानीचा कागद हवा. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या सलूनमध्ये एका मॉडेलचे केस तिने सांगितल्यापेक्षा फार जास्त कापले गेले, तेव्हा राष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये तिला २ कोटी रुपये मंजूर केले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सेवेत चूक झाली हे कायम ठेवलं, पण रक्कम रद्द केली. एवढं नुकसान झालं याचा पुरावा कुठे आहे, हा कोर्टाचा मुद्दा होता. त्यामुळे बिल, यूपीआयचा स्क्रीनशॉट, आधीचे आणि नंतरचे तारखेसकट फोटो, आर्टिस्टशी झालेलं चॅट, डॉक्टरांची चिठ्ठी, यातलं काहीही डिलीट करू नका.

मग बहिणीचं काय झालं?

परवा ती गेली नाही. साखरपुड्याच्या सकाळपर्यंत भुवया इतक्या फिक्या पडल्या होत्या की मेकअपवाली म्हणाली, "मॅडम, पेन्सिल लावू का थोडी?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

६ आठवड्यांनी रंग परत आला. तो तिला चक्क आवडला. डाव्या भुवईच्या वरच्या कडेला मात्र केसांच्या बाहेर रंग राहिलाच होता, तांदळाच्या दाण्याएवढा रुंद. पार्लरवाल्या ताईंनी शेडचं नाव न कुरकुरता पाठवलं. स्किनच्या डॉक्टरांनी टेस्ट स्पॉट केला, तो काळा पडला नाही, म्हणून फक्त तेवढ्या कडेवर लेझर सुरू केला. पहिल्या सिटिंगनंतर कड निम्म्याने फिकी झालीय, दोन केस पांढरे झालेत. दुसरी सिटिंग दिवाळीनंतर आहे, लग्न फेब्रुवारीत.

तोवर थ्रेडिंग बंद. मावशी रोज विचारते, "हे जंगल कधी कापणार आहेस गं?"